दुसऱ्याच्या नावाची फुंकर

घरात रिकामं कोण, तर वर्षाली. शाळा सोडली ना पोरीनं, मग दवाखाना तिच्या गळ्यात, रेशन तिच्या गळ्यात, गॅसवाल्याची वाट बघणंही तिच्याच गळ्यात. दहावीला गणितात आपटली आणि परत बसायचं म्हटल्यावर तिनं घरात सांगून टाकलं, "मला तीन तास एका बाकावर बसवत नाही. हाताला काय पण काम द्या, पण बसवू नका."

आणि त्या मंगळवारी नशिबानं तिला नेमकं बाकावरच बसवलं. स्टीलच्या, भोकाभोकाच्या. उठलं की मागं जाळी उमटते तसल्या.

कारण होते आबा. आबा म्हणजे तिचे आजोबा, हिंदुराव. एकाहत्तरी पार केलेले, मूळचे पाटणकडचे. भोसरीच्या एका फाउंड्रीत तेवीस वर्षं फेटलिंगला होते. साच्यातनं निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरनं उडवायची, हे त्यांचं काम. वाळू उडायची आणि निम्मी माणसात जायची. आता आबांच्या छातीत चोवीस तास मांजर घुरघुरतं. दिवसातनं चारदा पंप तोंडात धरावा लागतो. त्यात उजव्या जांघेत हर्निया. खोकला आला की लिंबाएवढी गाठ बाहेर यायची आणि आबा भिंतीकडं तोंड करून ती हातानं आत ढकलायचे.

मागच्या महिन्यात ती आतच जाईना. घरात वर्षाली एकटी. वडील नवनाथ चाकणला फर्स्ट शिफ्टला, आई कॅन्टीनच्या कामावर. आबा फरशीवर आडवे, घामानं बनियन चिंब, दात आवळलेले, आणि तोंडानं एकच, "पोरी, तू बाहेर जा. तू बघू नगंस." ती गेली नाही. अर्धा तास तिनं ते बघितलं. मग गाठ आपोआप आत गेली आणि आबा लहान पोरासारखे झोपले. तेव्हापासून घरात कुणी खोकलं तरी ती हातातलं टाकून धावायची.

ऑपरेशन सोमवारचं ठरलेलं. भुलीच्या डॉक्टरनं फक्त एक कागद मागितला होता, फुंकायच्या टेस्टचा. फुप्फुसात किती दम आहे ते मशीनवर दिसल्याशिवाय भूल देणार नाही, म्हणाला. सोमवार हुकला तर पुढची तारीख कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं. वर्षालीला सोमवार पाहिजे होता. बास.

मोशीहून रिक्षा निघाली, ती कुदळवाडीच्या फाट्याला थांबली आणि युनूसचाचा आत शिरले. आबांचे कंपनीतले दोस्त. सहासष्ट वर्षांचे, मेंदी लावलेली दाढी, आबांपेक्षा अर्धा फूट उंच.

"तुम्ही कुठं, चाचा?"

"सोबतीला, बेटा. तुझा आजा एकटा गेला तर नर्स पळवून नेईल त्याला."

"कशाला न्हेईल," आबा म्हणाले. "नेऊन ठिवंल कुठं?"

दोघं हसले. आबांचं हसणं खोकल्यात संपलं. त्यांनी खिशातनं पंप काढला आणि दोनदा दाबला. वर्षालीनं दवाखान्याचा कागद उलगडून बघितला. त्यावर मराठीत छापलेलं: टेस्टच्या आधी सहा तास पंप घेऊ नये.

"आबा! पंप घ्यायचा नव्हता आज!"

"असूंदे. चालतंय."

"चालतंय काय? इथं लिहिलंय..."

"लिवणाऱ्याला दम लागत न्हाई," आबा म्हणाले आणि बाहेर बघायला लागले. चाचाही दुसऱ्या बाजूनं बाहेर बघायला लागले. दोन म्हातारे दोन बाजूंना असे गपगार बसले की काहीतरी शिजतंय हे वर्षालीला कळायला पाहिजे होतं. पण तिचं डोकं तापलं होतं, आणि डोकं तापलं की तिला दिसायचं सगळं, कळायचं काहीच नाही.

निगडीच्या अलीकडं एका ट्रस्टचा दवाखाना आहे. लिफ्ट फक्त स्ट्रेचरला. दुसरा मजला. आबा चार पायऱ्यांवर थांबत होते, ते तिला सवयीचं होतं. पण पहिल्या वळणावर चाचाही थांबले आणि भिंतीवरची डेंग्यूची पाटी मोठ्यानं वाचायला लागले. "पा-णी सा-चू दे-ऊ न-का." दुसऱ्या वळणावर स्तनपानाची पाटी.

"चाचा, ती तुमच्या काय कामाची?"

"माहिती असावी, बेटा," चाचा म्हणाले. खांदे वरखाली होत होते.

ते तिनं बघितलं आणि विसरली.

मग तो बाक. पंधरा म्हातारे, पंधरा जणांच्या छातीचे पंधरा आवाज. कुणाची शिट्टी, कुणाचा घागरीतला खडखडाट. आतनं दर पाच मिनिटांनी एका बाईचा आवाज यायचा, "फुंका फुंका फुंका फुंका, अजून, अजून, अजून, सोडू नका!" वर्षालीचा पाय हलत होता. ती उठली, पाणी पिऊन आली, बसली, परत उठली. एकानं नंबर मोडला तर त्याच्याशी भांडली. तो म्हणाला, तुझा काय संबंध, तुझा नंबर आहे का? ती म्हणाली, नसूदे, डोळे तर आहेत.

दरवाजा उघडला. पांढऱ्या कोटातली, तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठी पोरगी, कोटावर नाव विजयश्री. "हिंदुराव साहेबराव यादव!"

आणि युनूसचाचा उठले.

वर्षालीला वाटलं, ते आबांना हात द्यायला उठले. पण आबा हललेच नाहीत. चाचांनी आबांच्या हातातला कागद घेतला, चपला काढल्या आणि ताठ दाराकडं निघाले.

"चाचा, तुम्ही कुठं..."

आबांनी तिचं मनगट धरलं. एवढी ताकद त्या हातात अजून आहे हे तिला माहीत नव्हतं.

"गप. आमचं ठरलंय."

"काय ठरलंय?"

"त्यो फुंकतोय. माज्या नावानं. कंपनीत बी त्योच फुंकायचा."

दरवर्षी कंपनीत डॉक्टरची गाडी यायची, आबांनी दोन-दोन शब्दांवर श्वास घेत तिला सांगितलं. एक नळी असायची, त्यात फुंकायचं. ज्याचा काटा कमी चढेल त्याला अनफिट लिहायचे, आणि अनफिट म्हणजे गेटच्या बाहेर. डॉक्टर बाहेरचा, त्याला तोंडं ओळखू यायची नाहीत. कार्डावर फोटो नव्हता. युनूस तेव्हा मेंटेनन्सला, छाती म्हणजे भात्यासारखी. एका वर्षी त्यानं सात जणांचं फुंकलं. सातव्यांदा डॉक्टरनं विचारलं, तुमच्या कंपनीत सगळे एकाच मापाचे आहेत का? सातही जण फिट. दुपारी सातांनी मिळून युनूसला मिसळ घातली.

"हितं बी फिटच काडायचंय न्हवं? मग? माजं मी फुंकलो तर सोमवार गेला म्हण."

वर्षालीनं तोंड उघडलं. ओरडणारच होती. पण डोळ्यांपुढं ती फरशी आली, तो चिंब बनियन. सोमवार. तिनं तोंड मिटलं.

"नातेवाईक कोण आहे? आत या," विजयश्री म्हणाली.

आणि वर्षाली, जिला तिच्या वर्गात सगळे कॉपी करत असताना एकटीनंच कोरा पेपर ठेवला म्हणून खुळी म्हणत, ती मुकाट्यानं उठून चाचांच्या मागं आत गेली.

आत एक खुर्ची, एक कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली पांढरी नळी. विजयश्रीनं चाचांना भिंतीला टेकवून उभं केलं आणि उंची मोजली.

"एकशे चौऱ्याहत्तर." तिनं कागद बघितला. "भुलीच्या ओपीडीत एकशे एकोणसाठ लिहिलंय. बाबा, या वयात माणूस वाढतो का?"

"तिथं मी बसलो होतो," चाचा म्हणाले.

विजयश्रीला हसू आलं. "त्यांचं नेहमीचंच आहे. काहीही लिहितात." तिनं एकशे चौऱ्याहत्तर टाकलं. वय एकाहत्तर टाकलं. "आज पंप घेतलाय?"

"नाही, कसला पंप?" चाचा खरंच बोलले.

"हर्निया आहे ना, फुंकताना जोर येतो. गाठीवर हात दाबून धरा."

चाचांनी डाव्या जांघेवर हात धरला. वर्षालीचे कान गरम झाले.

"कागदावर उजवीकडं लिहिलंय, बाबा."

"उजवीकडंच," चाचा म्हणाले. "तुमच्या बाजूनं बघा की."

दुसरी कुणी असती तर इथंच संपलं असतं. पण बाहेर पंधरा जण होते आणि विजयश्रीनं सकाळपासून चहाही घेतला नव्हता. तिनं चाचांच्या नाकाला चिमटा लावला, नळी तोंडात दिली. "ओठ घट्ट. मोठ्ठा श्वास घ्या, अजून घ्या, आणि फुंका! फुंका फुंका फुंका फुंका, अजून, अजून, सोडू नका!"

चाचा फुंकले. स्क्रीनवर एक रेघ वर चढली, डोंगरासारखी जायला पाहिजे होती, पण टोकावर जाऊन बदकन खाली बसली आणि मग जमिनीला घासत, घासत लांबवर सरकत राहिली. चाचांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. डोळ्यांतनं पाणी. नळी सोडून ते खुर्चीची कड धरून खोकत राहिले. तो खोकला वर्षालीच्या ओळखीचा होता. घरचाच होता.

"तीनदा करायचंय, बाबा. सावकाश."

दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा त्याहून खाली. विजयश्रीनं आकडा बघितला आणि तिचा आवाज मऊ झाला.

"एक्केचाळीस टक्के."

"कितीपैकी?" चाचांनी विचारलं.

"शंभरपैकी. तुमच्या वयाच्या, उंचीच्या चांगल्या माणसाला शंभर धरतात." ती वर्षालीकडं वळली. "एवढ्यावर पूर्ण भूल देणं जड आहे. मी रिपोर्ट वर पाठवते, ते बहुतेक सोमवार रद्द करतील."

चाचा हसले. "मशीन खराब आहे तुमचं, मॅडम. सात माणसांचं फुंकलेला माणूस आहे मी."

"कुणाचं फुंकलेला?"

चाचांचं हसू तसंच होतं, पण त्याच्या मागं माणूस नव्हता. ते त्या रेघेकडं बघत होते. गेली वीस वर्षं ते भंगाराच्या गोडाऊनवर गॅसकटर चालवत होते. रंगवलेला पत्रा, जुन्या टाक्या, काय काय कापलं असेल. वर्षालीला जिन्यातल्या पाट्या आठवल्या. हा माणूस वाचत नव्हता. हा माणूस श्वास गोळा करत होता.

विजयश्री रिपोर्टची कळ दाबायला गेली.

"दाबू नका," वर्षाली म्हणाली.

"काय?"

"हे हिंदुराव नाहीत. हिंदुराव बाहेर बसलेत. हे युनूस. यांनी आबांच्या नावानं फुंकलं आणि मला माहीत होतं."

एकदम बोलून गेली. कसं बोलायचं याचा विचार तिला कधी सुचायचाच नाही. चाचांनी डोळे मिटले. विजयश्री खुर्चीतनं उठली, बसली, परत उठली.

"तुम्हाला कळतं का काय केलंत? चांगलं आलं असतं तर? त्यावर भरवसा ठेवून भूल दिली असती आणि तुमचे आबा टेबलावरनं उठले नसते! कोण जबाबदार? मी! सही माझी!"

"म्हणून तर सांगितलं ना!"

"आता सांगितलं! वाईट आलं तेव्हा सांगितलं!"

हे मात्र वर्षालीच्या वर्मी बसलं. कारण खरं होतं. नव्वद आलं असतं तर ती गप बसली असती. सोमवारी आबांना आत नेताना हात हलवला असता. मग ती लाज नेहमीसारखी रागात गेली, आणि राग दाराबाहेर.

"आबा, उठा! कळलं का किती आलं? एक्केचाळीस! तुमच्या नावावर चाचांचे एक्केचाळीस!"

बाकावरचे पंधरा आवाज बंद झाले. आबा तिच्याकडं नाही, तिच्या मागनं चपला शोधत येणाऱ्या चाचांकडं बघत होते.

"एक्केचाळीस? तुजं?"

"मशीन खराब आहे," चाचा म्हणाले.

"मशीन बरं हाय," आबा म्हणाले. "तूच खराब झालास, लेका. मला का न्हाई सांगितलंस?"

"तू विचारलंस का? फोन केलास, म्हणालास, यायचंय फुंकायला. मी आलो. इतकी वर्षं आलो."

विजयश्री बाहेर आली. ओरडली नाही, पण एकेक शब्द मोजून म्हणाली, "खऱ्या हिंदुरावांनी पंप किती वाजता घेतला?"

"साडेनऊ," वर्षाली म्हणाली. "रिक्षात. दोनदा."

"मग साडेतीनला. तोपर्यंत पंप नाही, पोट भरून जेवण नाही. अगदीच दम लागला तर मला बोलवा. आणि या बाबांचा वेगळा केस पेपर काढून आणा. यांच्या छातीचं आज निघालंय ते यांच्याच नावावर जाईल. त्यांनाही डॉक्टर बघतील."

"मला काही नको," चाचा म्हणाले. "मला गोडाऊनवर जायचंय."

जायला त्यांना चपला सापडल्या नाहीत. त्या वर्षालीनं कधीच उचलून आपल्या पिशवीत टाकल्या होत्या.

साडेदहा ते साडेतीन. पाच तास, एक बाक. एवढा वेळ वर्षाली जन्मात कुठं बसली नव्हती. खाली जाऊन केस पेपर काढला. खिडकीवर बसलेल्या माणसानं विचारलं, पेशंट कोण लागतो? ती म्हणाली, आजोबा. तो म्हणाला, नाव तर युनूस लिहिलंय. ती म्हणाली, मग? तुमच्या पेनाला त्रास होतोय का? दोन केळी आणली. एक आबांना दिलं, त्यांनी घेतलं नाही. ते तिच्याशी बोलतच नव्हते. सगळ्यांसमोर तोंड उघडलं म्हणून.

बाराच्या सुमाराला बाक रिकामा झाला. आबांचा दम वाढायला लागला. पंप तिच्या मुठीत होता. आबांची नजर तिच्या मुठीवर, तिची नजर घड्याळावर. चाचा अनवाणी पाय एकमेकांवर घासत बसले होते.

वर्षालीला राहवलं नाही. "चाचा, तुम्ही तेव्हा फुंकलं नसतं तर आबांना त्या धुळीतनं काढलं असतं ना?"

चाचांनी पाय घासायचं थांबवलं.

"म्हणजे तुमच्यामुळं..."

"गप," आबा म्हणाले. त्या प्रकारानंतर तिच्याशी बोललेला पहिला शब्द. "काडलं असतं म्हंजे कुठं टाकलं असतं? पॅकिंगला? एसीत? घरी घातलं असतं, घरी! तुजा बाप तवा पाचवीत हुता. मी पाया पडलोय ह्याच्या, फुंक म्हणून. ह्यो नगं म्हणत हुता."

"मी पहिल्या वर्षी नको म्हणालो," चाचा म्हणाले. "दुसऱ्या वर्षापासून नको म्हणालोच नाही. मला मजा यायला लागली होती, राव. सगळे म्हणायचे, युनूस म्हणजे इंजिन. सहा वर्षं तुझं फुंकलं. दुसऱ्या वर्षीच मला दिसत होतं, तू डबा खाताना मध्ये थांबायचास. मी बघायचो आणि तरी फुंकायचो." त्यांनी दाढीवरनं हात फिरवला. "मी ती नळी तोंडात धरली नसती तर तू सहा वर्षं आधी सुटला असतास."

"आणि खाल्लं काय असतं?"

"ते मला माहीत नाही."

आबा दम खाऊन म्हणाले, "तुला कवापास्नं लागतोय दम?"

"तीन वर्षं."

"ताहेराभाभीला म्हाईत हाय?"

"ती म्हणते, विडी सोड. मी कधी ओढलीच नाही. तिला वाटतं चोरून ओढतो." आणि यावर दोघं असे हसले की खोकत खोकत एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले, आणि आतनं विजयश्री धावत बाहेर आली.

वर्षालीला हसू आलं नाही. तिला कुणावर चिडायचं तेच सापडत नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. फाउंड्री केव्हाच बंद पडली होती. त्या जागेवर आता मोटारींचं शोरूम होतं. काचेला जाऊन दगड मारला तरी आतल्या सेल्समनला कळलं नसतं, का मारला.

साडेतीनला विजयश्रीनं दार उघडलं. "हिंदुराव साहेबराव यादव. खरे."

आबा उठले नाहीत.

"आबा, चला."

"न्हाई. मी न्हाई फुंकणार."

"आता काय झालं?"

"ह्याचं एक्केचाळीस. इंजिनाचं. मग माजं काय असंल?" त्यांचे ओठ निळसर दिसत होते. "मी जन्मात एकदा बी फुंकलो न्हाई, पोरी. दर साली कागदावर माजं नाव आन् दम ह्याचा. मला ठावंच न्हाई माज्यात किती हाय. आन् आता ठावं करून घ्यायचं म्हंजे..." पुढचा श्वास पुरला नाही.

वर्षालीच्या तोंडावर आलं होतं, सकाळपासून काय तमाशा लावलाय, चला मुकाट. पण आबांचा हात बाकाच्या भोकांवरनं फिरत होता, एकेक भोक मोजल्यासारखा, आणि तिच्या लक्षात आलं की आबा घाबरलेत. गाठ अडकली तेव्हाही घाबरले नव्हते एवढे. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"आबा, ती ताई म्हणाली तेच खरं आहे. आज नव्वद आलं असतं तर मी गप बसणार होते. तुम्हाला सोमवारी हसत हसत आत घालवणार होते. माझ्यासाठी फुंका. किती पण येऊदे. शून्य येऊदे."

"शून्य कसं यील? जिता हाय न्हवं मी?"

"मग उठा."

चाचांनी खाली वाकून आबांच्या काखेत हात घातला. "चल राव. मी हात धरतो. फुंकायचं तू."

आत विजयश्रीनं उंची घेतली. एकशे एकोणसाठ. कागदावरही तेवढीच होती. आबांनी उजव्या जांघेवर हात दाबला, न सांगता. नाकाला चिमटा. नळी. पहिल्यांदा अर्ध्यातच खोकला आला, हे धरता येणार नाही, विजयश्री म्हणाली. दुसऱ्यांदा ओठांतनं हवा निसटली. तिसऱ्यांदा आबा थांबले, डोळे पुसले आणि म्हणाले, "दमानं सांग, बाई. वरडू नगंस. कंपनीतला सुपरवायझर वाटतीस."

विजयश्री खुर्ची ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. आवाज खाली आणला. "घ्या, बाबा. घ्या, अजून घ्या. आता सोडा. जाऊदे, जाऊदे, जाऊदे..."

रेघ वर गेली, चाचांच्या रेघेच्याही खालीच मोडली आणि सरपटायला लागली. वर्षाली दाराला टेकून उभी होती. आबा फुंकत राहिले. आवाज येत नव्हता, नुसती मान थरथरत होती. तसं त्यांनी तीनदा केलं, प्रत्येक वेळी मध्ये पाच मिनिटं बसून. मग पंप देऊन पंधरा मिनिटांनी परत. शेवटी शर्टची दोन बटणं उघडून ते भिंतीला डोकं टेकून बसले.

"चौतीस," विजयश्री म्हणाली. "पंपानंतर सदतीस. आणि युनूसबाबा, तुमचं खरं वय टाकलं की एक्केचाळीस राहत नाही. एकोणचाळीस."

"म्हंजे ह्यो अजून माज्या म्होरंच," आबा म्हणाले.

"थोडासाच," चाचा म्हणाले. "मनाला लावून घेऊ नको."

छातीचे डॉक्टर धम्मरत्न साडेचारला आले. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले, मग दोन्ही म्हाताऱ्यांकडं बघितलं. सकाळचं त्यांना कळलेलं होतं, तोंडावर दिसत होतं. भुलीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. मग आबांना म्हणाले, "ऑपरेशन करायचंय. गाठ परत अडकली तर जास्त वाईट. पण पूर्ण भूल नाही. कमरेत इंजेक्शन, खालचा भाग बधिर. तुम्ही जागे राहाल. त्याच्याआधी तीन आठवडे औषधं नीट, नवीन पंप, रोज श्वासाचा व्यायाम. सोमवार नाही. मध्ये गाठ अडकली तर वाट बघायची नाही, रात्री-अपरात्री इथं यायचं."

"फिट लिवलं का अनफिट?" आबांनी विचारलं.

"चौतीस लिहिलंय."

आबांनी तो शब्द तोंडात घोळवला, "चौतीस," जसं कुणी दुसऱ्या गावाचं नाव घेतं. चाचांना डॉक्टरनी गुरुवारी एक्स-रे घेऊन बोलवलं. चाचा म्हणाले, गुरुवारी गोडाऊनवर माल येतो. वर्षालीनं त्यांच्या देखत ताहेराचाचीला फोन लावला. "चाची, चाचा विडी ओढत नाहीत. हो. दवाखान्यात. गुरुवारी तुम्हीच घेऊन या यांना, सोडू नका." पलीकडनं चाचीचा आवाज एवढा मोठा आला की डॉक्टरांनीही मान वर केली. वर्षालीनं मोबाईल चाचांच्या हातात दिला, पिशवीतनं चपला काढून त्यांच्या पुढ्यात टाकल्या आणि औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर पडली.

आबा मागनं भिंत धरत आले. "तारीख गेली," ते म्हणाले. "तुज्या तोंडापायी."

"गेली," ती म्हणाली. "तुम्ही बसा इथं. तो पंप घ्या आता दोनदा, घ्यायला हरकत नाही म्हणाले."

आबांनी पंप घेतला. डोळे मिटून, श्वास आत धरून. तिनं पाच-दहा सेकंद त्यांच्या छातीकडं बघितलं, ती वर आली, खाली गेली, परत वर आली. मग ती औषधाच्या खिडकीकडं वळली. तिथं वीस जणांची रांग होती, आणि एक टी-शर्टवाला बाजूनं हात घालून आपली चिठ्ठी सगळ्यांच्या आधी आत सरकवत होता.

"ओ भाऊ," वर्षाली तिथनंच ओरडली. "तुमच्याच नावाची आहे का ती चिठ्ठी? मग तुमच्याच नंबरला उभे राहा!"